धक्क्यावरची दुसरी खुर्ची

कर्जतच्या आमच्या शाळेत जाधवबाईंच्या तासाला फळा फक्त खालच्या अर्ध्यात भरायचा. वरच्या अर्ध्यात आधीच्या तासाची कविता नाहीतर इतिहासाच्या सनावळ्या तशाच राहायच्या आणि त्यांच्या खाली जाधवबाईंची त्रैराशिकं उभी राहायची. बाई चाकांच्या खुर्चीत बसून शिकवायच्या. हात जिथवर पोचेल तिथवर त्यांचं गणित.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे वरच्या अर्ध्यातली कविता बहुतेकदा माझी असायची. "दामलेबाई, तुमचा पाऊस मी पुसला नाही हं. खाली व्याज काढलंय फक्त," असं त्या शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगायच्या. सुमन हे त्यांचं नाव, पण शाळेत बायकांना नावं नसतात, आडनावं असतात. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला तरी मी त्यांना जाधवबाई आणि त्या मला दामलेबाई. अगंतुगं आम्हा दोघींना शेवटपर्यंत जमलं नाही.

त्यांचे वडील मूळचे कडावचे. छप्पन साली धम्म घेतला त्या माणसांपैकी. घरातले देव नदीत सोडून आले आणि पायांनी अधू झालेल्या मुलीला खांद्यावर घालून शाळेत नेऊन बसवलं, ही दोन्ही कामं त्यांनी पाठोपाठ केली, असं बाई अभिमानानं सांगायच्या. वडील गेले तेव्हा बाई शिक्षिका होऊन कर्जतला राहायला आल्या होत्या. नदीच्या अंगाला बुद्धवाडीत त्यांचं घर होतं. घरात त्या आणि त्यांची आई. धाकटा भाऊ वसंत मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या आगबोटीवर भटारखान्यात कामाला होता.

खुर्ची मुंबईच्या कुठल्याशा इस्पितळातून मोडीत निघालेली होती. लोखंडी, अवजड, बैठक वेताची. वेत तुटला की बाई स्वतः विणून काढायच्या. डाव्या चाकाचं रबर एका जागी उखडलं होतं. तिथं सायकलवाल्यानं जुन्या टायरचा तुकडा तारेनं आवळून दिला होता. त्यामुळे खुर्ची चालू लागली की चाकाच्या दर फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज व्हायचा. व्हरांड्यात तो आवाज आला की वर्ग आपोआप गप्प व्हायचे.

खुर्ची कुणी विचारल्याशिवाय ढकललेली त्यांना चालत नसे. एकदा नवीन आलेल्या एका मास्तरांनी भलेपणानं मागून येऊन खुर्ची ढकलायला सुरुवात केली. बाईंनी शांतपणे चाक आवळलं. मास्तर पोटानं खुर्चीच्या पाठीवर आदळले. मागे वळून बाईंनी विचारलं, "सर, आपण कुठं निघालो आहोत?"

माझ्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना ओटीखाली अंगणातच चहा दिला. वेगळ्या कपात. "एवढ्या पायऱ्या कुठं चढवायच्या बिचारीला," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. जाधवबाईंनी चहा घेतला, कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत मला म्हणाल्या, "पायऱ्या फार उपयोगी असतात, नाही? बोलायचं काम वाचतं."

पायऱ्यांशी त्यांचं जन्माचं भांडण होतं आणि ते त्या आपल्या पद्धतीनं भांडायच्या. आईच्या माहेरच्या जमिनीचा एक कागद काढायला आम्ही एकदा एसटीनं खालापूरला गेलो होतो. खुर्ची टपावर. कचेरीला उंच दगडी पायऱ्या. वरून कारकून म्हणाला, "बाई, वर या."

"तुम्ही खाली या," जाधवबाई म्हणाल्या.

तो काही आला नाही. मग बाईंनी खुर्ची पायऱ्यांच्या अगदी मधोमध लावली, चाक आवळलं, पिशवीतून सहामाहीचे पेपर काढले आणि तपासायला बसल्या. येणारा जाणारा प्रत्येकजण त्यांना वळसा घालून, धोतर नाहीतर लुगडं सावरत भिंतीला घासून जायला लागला. साहेबही तसेच गेले. दुपारी तो कारकून कागद घेऊन स्वतःच खाली उतरला. सही करायला त्याच्याजवळ पेन नव्हतं. बाईंनी आपलं पुढे केलं आणि विचारलं, "लाल शाई चालेल ना?"

हे सगळं सांगायचं कारण असं, की जाधवबाई काय चीज होत्या ते आधी कळायला हवं. घाबरणं हा प्रकार त्यांच्यात नव्हता. नदीकडे जाणारा त्यांचा रोजचा रस्ता मसणवट्यावरून जायचा आणि दिवस मावळल्यावर तिकडे बाकीचं कुणी फिरकत नसे. त्यावरून कुणी काही बोललं की त्या म्हणायच्या, "आमच्याकडे देवच राहिले नाहीत, तर भुतं कुठून राहणार? दोघांचा धंदा एकच." म्हणून पुढचं सगळं नेमकं त्यांच्याच बाबतीत घडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

वसंत पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घरी यायचा. एरवी त्याला सवड नसे. बोट गोव्याहून आली की एक रात्र मुंबईत टेकायची आणि पुन्हा सुटायची. तेवढ्यात त्याला कर्जतपर्यंत येऊन जाणं जमत नव्हतं. आईचा जीव त्याच्यात अडकलेला. बोटीवर सगळ्यांना रांधून घालणारा हा मुलगा स्वतःच्या हातचं जेवत नाही, अशी त्या माउलीची पक्की समजूत होती. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी ठरवलं, आपणच भाऊच्या धक्क्यावर जाऊन त्याला आईच्या हातचा मसाला, सुकट आणि पापड पोचवायचे. मला म्हणाल्या, "येता का? ढकलायला नको. बोलायला या."

पहाटेच्या गाडीनं, लगेजच्या डब्यातून, दुधाच्या किटल्यांच्या बाजूला बसून आम्ही भायखळ्याला उतरलो. तिथून टॅक्सी, टॅक्सीच्या डोक्यावर खुर्ची. जाधवबाईंनी त्याआधी धक्का कधी पाहिला नव्हता. समुद्रच पाहिला नव्हता. हे मी खात्रीनं सांगते, कारण त्यांच्या आईनंही ते मला पुढे सांगितलं.

फाटकाशी टॅक्सी थांबली. बर्फाच्या पाण्यानं सगळी जमीन ओली, माशांच्या पाट्या, हातगाड्या, पसरलेले दोरखंड, मध्येच मालगाडीचे रूळ. इथून खुर्ची कशी न्यायची, हा विचार माझ्या मनात येतो आहे तोवर एक म्हातारा हमाल पुढे आला. धोंडू त्याचं नाव. घाटावरचा माणूस, डोक्याला विटलेलं लाल फडकं.

"आलात व्हय बाई," तो जाधवबाईंना म्हणाला. "आज उशीर केला."

जाधवबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "मला म्हणता?"

"तुमाला न्हाई तर कुनाला? चला, पल्याडच्या अंगानं नेतो. हितं मागल्या बारीला तुमचं चाक रुळात अडाकलं हुतं."

"मी पहिल्यांदाच येते आहे इथं."

धोंडू हसला. बायामाणसं गंमत करतात तसं समजून हसला. खुर्चीला हात लावण्याआधी थांबून त्यानं विचारलं, "ढकलू न्हवं?" आणि रुळाशी आल्यावर खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं आधी पार केली. जाधवबाई घरचा उंबरा अशाच ओलांडायच्या. त्याला हे कुणी शिकवलं, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "बाईंनीच की. समोरून घातलं तं बारकी चाकं रुततात म्हनल्या हुत्या."

वसंत भेटला, पिशवी दिली, आईची खुशाली सांगून झाली. परत येताना टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं मला साखरेचा दिला आणि जाधवबाईंसमोर न विचारता बिनसाखरेचा ठेवला. त्या बिनसाखरेचाच घेत असत. कप हातात धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

परतीच्या गाडीत, लगेजच्या डब्यात, त्यांनीच विषय काढला, "दामलेबाई, यात काही नाही. दुसरी कुणीतरी माझ्यासारखी बाई तिथं येत असणार. लोकांना खुर्ची दिसते, खुर्चीतली बाई दिसत नाही. दोन काळ्या म्हशी गवळ्यालाच वेगळ्या ओळखता येतात."

"आणि चहा?"

"साखर न घेणाऱ्या बायका काय थोड्या आहेत?"

मग त्या म्हणाल्या, "मी आजवर माझ्यासारखी दुसरी पाहिलीच नाही. इस्पितळात पाहिल्या, पण तिथं सगळ्या पडलेल्या. एकटी जाणारी येणारी अशी नाही." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. भूक होती.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी जाधवबाईंनी ठरवून ठेवलं होतं. धोंडू दिसताच त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "हे बघा धोंडूमामा. आम्ही दोघी आहोत. मी एक आणि ती एक. ती आली की तिला माझा निरोप द्या. सांगा, कर्जतची जाधव शिक्षिका तुम्हाला भेटायचं म्हणते."

"तुमालाच तुमचा निरोप द्यायचा?" धोंडूचा चेहरा पडला. "बाई, गरिबाची चेष्टा कराया लागलात."

"चेष्टा नाही. द्याल ना?"

त्यानं मान डोलावली, पण त्या दिवशी खुर्ची ढकलताना तो एकदाही बाईंच्या चेहऱ्याकडे बघेना.

परतीच्या वाटेवर त्या मला त्या दुसरीला काय काय विचारायचं ते सांगत होत्या. बोटीची शिडी ती कशी चढते. गाडीत इतके तास लघवीचं काय करते. पावसात चाकं गंजू नयेत म्हणून काय लावते. रात्री कुशीवर वळताना कुणाला हाक मारते. असलं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थांबल्या.

उन्हाळा लागायच्या सुमाराची एक दुपार मला आठवते. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर घरी निघाले होते, आईंना बघायला. आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दारात बसलेल्या असायच्या, आवाजावरून माणूस ओळखायच्या. आम्ही अंगणात शिरलो तर त्या दचकल्या.

"अगं, आताच तं आत गेलीस ना? मग भायेरून कशी आलीस?"

"मी शाळेतून येते आहे, आई."

"मघाशी आलीस. टकटक करीत आलीस. पानी मागितलंस, मी दिला."

"मी नव्हते आले."

"मग पानी कोन पिला गं?" म्हातारीनं विचारलं.

खिडकीच्या सखल कट्ट्यावर, जिथं फक्त जाधवबाई पाण्याचं भांडं ठेवत असत, तिथं फुलपात्र उपडं घातलेलं होतं. पाणी पिऊन झालं की भांडं उपडं घालायची त्यांची सवय होती. मी घरात डोकावले. घर तसं लहानच. आत कुणी नव्हतं.

जाधवबाई मात्र जमिनीकडे बघत होत्या. अंगण सारवलेलं होतं आणि ओल अजून पुरती सुकली नव्हती. त्यात चाकांच्या दोन रेघा दारापर्यंत आल्या होत्या आणि वळून परत गेल्या होत्या. डाव्या रेघेत ठरावीक अंतरानं टायरच्या तुकड्याचा नक्षीदार ठसा होता.

"माझ्याच असतील. सकाळच्या," त्या म्हणाल्या.

"तू गेल्यावं सारवलं मी," आई म्हणाल्या. "दुपारचा."

रेघा रस्त्यापर्यंत स्पष्ट होत्या. पुढे खडी होती, तिथं काही दिसत नव्हतं. बाईंनी त्या रेघांवर आपलं चाक येऊ दिलं नाही. बाजूनं खुर्ची नेऊन त्या रस्त्याच्या तोंडाशी बराच वेळ थांबल्या. मी जवळ गेले. वाटलं होतं, आता तरी त्या घाबरल्या असतील. पण त्यांचे डोळे भरले होते.

"घरी येऊन गेली," त्या म्हणाल्या. "आणि थांबली नाही."

त्या दिवसापासून त्या शाळा सुटली की शिक्षकांच्या खोलीत रेंगाळेनाशा झाल्या. थेट घरी. वाडीतल्या एका गवंड्याला सांगून त्यांनी दारासमोरचा मातीचा उतार रुंद करून घेतला. आधी एक खुर्ची जेमतेम चढायची. आता दोन शेजारी शेजारी उभ्या राहतील असा केला. गवंड्यानं विचारलं, एवढा कशाला? त्या म्हणाल्या, "पाहुणे यायचेत."

हेडमास्तरांपर्यंत काहीबाही गेलं होतं. त्यांनी मला बोलावून विचारलं, जाधवबाईंची तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे. आणि ती खरंच बरी होती. त्रैराशिकं चुकत नव्हती, पेपर वेळेवर तपासून होत होते. उलट त्यांना एक टवटवी आली होती. कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसाला येते तशी.

पावसाळ्यात बोटी थांबल्या आणि वसंत घरी आला. आल्या आल्या हसत बहिणीला म्हणाला, "ताई, त्या धोंडूला काय नादाला लावलंयस? मला म्हणाला, बाईंना सांगा, निरोप दिला. उत्तरही आलंय म्हणाला."

"काय उत्तर?"

"म्हणे, त्या म्हणाल्या, घरी जाऊन आले. भेट झाली नाही. म्हातारीनं पाणी दिलं तेवढं प्याले."

मी तिथं होते. वसंतला अंगणातली गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. तो आमच्या तोंडांकडे बघायला लागला आणि त्याचं हसू हळूहळू विरलं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "तिचा आवाज तुझ्यावानीच हाय गं. पर थकलेला."

त्याच पावसाळ्यात आई गेल्या. तापाचं निमित्त झालं. जाधवबाई त्या वेळी रडल्या नाहीत, पुढे महिनाभर फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबायचा तेवढंच. वसंतला मात्र बहीण एकटी राहणार याची काळजी लागली. पाऊस सरल्यावर तो म्हणाला, "ताई, दिवाळीला आमच्या बोटीवर ये. गोवा बघ. चार दिवस मोकळी हो. वरच्या डेकवर चांगली जागा देतो." बाई लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच की मलाच धडकी भरली.

पोचवायला मी गेले. धक्का तोच, ओल तीच. बाईंनी नवी निळी साडी नेसली होती. धोंडू फाटकाशी उभाच होता. तो पुढे आला नाही. आम्हीच त्याच्यापर्यंत गेलो तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "त्या सकाळीच चढल्या बोटीवर. तुमची वाट बघत्यात म्हनल्या."

"कोण चढल्या?" मी विचारलं. "धोंडू, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं म्हंजी? आमी चौघांनी उचलून न्हेलं की. लई हलक्या हैत. यांच्यापरास हलक्या. खुर्चीच नुसती उचलल्यावानी वाटली." मग आवाज उतरवून तो मला म्हणाला, "मी समजत हुतो, एकच हैत. आज दोगी हैत असं कळलं, आन् मला बरं वाटंना झालंय."

जाधवबाईंनी हे ऐकलं. त्यांचा हात आधी केसांकडे गेला, मग पदराकडे. सोयरिकीच्या घरी पहिल्यांदा जाताना बाई जशी स्वतःला चाचपून बघते तशा त्या आपल्याला नीट करत होत्या. चेहरा लाजल्यासारखा झाला होता.

मी खुर्चीचा मागचा दांडा घट्ट धरला. "जाधवबाई, आज राहू द्या. वसंतला मी सांगते. पुढच्या सुट्टीत आपण दोघी जाऊ."

त्यांनी मागे हात नेऊन माझ्या हातावर ठेवला. "दामलेबाई, तुम्ही माझ्याबरोबर येता, मला माहीत आहे तुम्ही जीव लावून येता. पण तुम्ही माझ्या बाजूनं चालता. माझ्या उंचीवर कुणी बसलेलं नाही आजवर. सोडा."

मी दांडा सोडला.

पाण्याला ओहोटी होती, बोट खाली गेलेली, आणि तिला लावलेली फळी उतरती होती. बाईंनी स्वतः सांगून खुर्ची उलटी धरायला लावली. वसंत खाली उभा राहून दोन्ही हात वर करून वाट बघत होता. हमालांनी खुर्ची उचलली. फळीवर मध्यात पोचल्यावर बाई मला ओरडून म्हणाल्या, "दिवाळीनंतर दहावीचा पहिला तास तुम्ही घ्या. अपूर्णांक राहिलेत, ते माझ्यासाठी ठेवा."

दिवाळी संपली, शाळा उघडली, जाधवबाई आल्या नाहीत. आठवडाभरानं वसंत आला. माझ्या घरी, ओटीवर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. तेव्हा सासूबाईही बाहेर येऊन बसल्या होत्या.

बाईंना त्यानं वरच्या डेकवर कठड्यापाशी बसवलं होतं, हवा घेणारं मोठं पांढरं नळकांडं असतं त्याच्या शेजारी. कामातून वेळ मिळेल तसा तो वर येऊन बघून जात होता. संध्याकाळी चहा विचारायला आला तर बाई म्हणाल्या, "दोन आण." त्यानं दोन आणले. "कुणाला गं?" म्हणून विचारलं तर त्यांनी नळकांड्याच्या पलीकडे नुसती मान वळवली. तिकडे खुर्चीची कड दिसल्यासारखी त्याला वाटली, पण खालून हाक आली आणि तो गेला. परत आला तेव्हा दोन्ही कप रिकामे होते. उपडे घातलेले.

"दोन्ही?" मी विचारलं.

"दोन्ही," वसंत म्हणाला. "ताईला इतकी खूश मी कधी बघितली नव्हती, बाई. म्हणून मी जास्त खोलात गेलो नाही. म्हटलं, मिळालीय कुणीतरी बोलायला."

पणजीला बोट लागली, माणसं उतरायला लागली. वसंत हात धुऊन वर गेला तर जागा रिकामी. धक्क्यावरच्या हमालांना विचारलं. ते म्हणाले, दोघी बायांना मघाशीच उतरवलं. खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, त्या नदीच्या कडेनं झाडांखालच्या रस्त्यानं गेल्या. वसंत धावत गेला. रस्त्यावरच्या एका नारळवाल्यानं हात करून पुढची दिशा दाखवली. पुढे एका बाईनं दाखवली. त्याच्यापुढे कुणी काही पाहिलं नव्हतं.

त्यानं बोटीवरचं काम सोडून तिथंच शोध घेतला. पोलिसांना सांगितलं. इस्पितळं बघितली, देवळं बघितली, चर्चच्या आवारातले निराधारांचे निवारे बघितले. ना बाई मिळाली, ना खुर्ची. आमच्या शाळेत सगळे दबक्या आवाजात म्हणायला लागले, बिचारी रात्री पाण्यात पडली असेल, नाहीतर... आई गेल्यावर मन उडालं असेल. हेडमास्तरांनी शोकसभा घेतली. वसंत शोकसभेला आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्या ओटीवर येऊन तो मला म्हणाला, "कठडा छातीइतका उंच आहे. एवढी जड खुर्ची घेऊन कुणी त्याच्यावरून पडत नाही. आणि हमालांनी उतरवली म्हणतात ना? मग उतरली."

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तिला त्या दिवशी आत घ्यायला हवं होतं." आणि उठून आत गेल्या.

पुढच्या वर्षी वसंतला भेटायला मी एकदा एकटीच धक्क्यावर गेले. धोंडू थकला होता, ओझं उचलत नव्हता, टपरीपाशी बसून असायचा. मी काही विचारायच्या आधीच त्यानं मान हलवली. "आता कुनीबी येत न्हाई," तो म्हणाला. "ही न्हाई का ती न्हाई." टपरीवाल्यानं चहा दिला. साखरेचा.

वसंतनं घर विकलं नाही. तो पावसाळ्यात येतो, राहतो, दार उघडं ठेवून बसतो. त्या रुंद उतारावर आता गवत आलं आहे. माझ्या तासानंतर आता नवे मास्तर उभे राहून गणित शिकवतात आणि आधी सगळा फळा पुसून घेतात.

मला जाधवबाई शेवटच्या दिसल्या त्या बोट सुटताना. मी धक्क्याच्या टोकाला गर्दीतून पुढे जाऊन उभी होते. वरच्या डेकवर निळी साडी दिसली. त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं. त्या पांढऱ्या नळकांड्याच्या दिशेला वळून बोलत होत्या, दोन्ही हात हलवत, मध्येच थांबून कान देत, पुन्हा बोलत. नळकांड्याआड काय होतं ते मला खालून दिसत नव्हतं. मग त्या हसल्या. शाळेत त्या ओठ मिटून हसायच्या. इथं मान मागे टाकून, खांदे हलवत हसत होत्या आणि ते हसू थांबत नव्हतं. बोट वळायला लागली तसा मी पदर हातात धरून हलवला, मोठ्यानं हाक मारली. आजूबाजूचे सगळेच हाका मारत होते आणि डेकवरचे सगळेच धक्क्याकडे बघून हात हलवत होते. फक्त त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.